खालून ओवलेला दोर

मी एक जुना खुंटा आहे, आणि माझी कीव करू नका. त्रापानी बंदराच्या धक्क्यावर कंबरेपर्यंत पुरलेला, वरून गंजलेला, पण अजून तसूभरही न हललेला. जन्माने मी तोफ. लढाया संपल्यावर लोकांनी मला इथे उभा गाडला आणि होड्या बांधायला सुरुवात केली. तेव्हा राग आला होता. आता माझ्यावाचून इथे कुणाचं पान हलत नाही.

मित्रांनो, माझ्यावर एकाहून जास्त दोर पडतात, म्हणून इथे एक रीत आहे. नंतर आलेल्याने आपल्या दोराचा फास आधीच्या फासातून खालून वर ओवून मग माझ्या गळ्यात घालायचा. मग ज्याला निघायचं तो निघतो, दुसऱ्याचा खोळंबा होत नाही. आणि होडीविना नुसता दोर माझ्यावर ठेवतात तो फक्त समुद्रात बुडालेल्याचा, त्याच्या आठवणीसाठी. नुन्झियाच्या नवऱ्याचा दोर असाच कुजून गळून पडला. मग ती स्वतः होडी घेऊन मासेमारीला जाऊ लागली.

हल्ली भूमध्य समुद्रात सहलीला निघालेली पांढरी जहाजं दिवसभर इथे थांबतात. प्रवासी माझ्यावर पाय ठेवून फोटो काढतात. मला ते मुळीच आवडत नाही.

परवा सकाळी असंच एक जहाज लागलं. दोर बांधणाऱ्या गास्पारेने घाईघाईत जहाजाचा मांडीएवढा दोर थेट नुन्झियाच्या दोरावर टाकला. तिचा फास खाली चेपला. तिला तर वारा उठायच्या आत समुद्रात टाकलेली जाळी उचलायची होती, नाहीतर ती खडकांवर फाटली असती.

"मावशी, होडीकडचं टोक सोड आणि जा. दोर राहू दे इथेच, संध्याकाळी घे."

"का रे, मेले का मी?"

गास्पारेची मान खाली गेली. जहाज कंपनीचा साहेब धावत आला. "बाई, प्रवासी उतरताहेत. दोर ढिला होणार नाही."

नुन्झियाने होडीतली कुऱ्हाड काढली. "मग तोडते. माझा नाही, तुमचा."

"गास्पारे, आवर तिला! नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत, जा!" गास्पारेने शिडीवरचे प्रवासी थांबवले आणि जहाजाकडे तोंड करून ओरडला, "ढिला सोडा! चूक माझी आहे!"

वरच्या खलाशांनी कुऱ्हाड पाहिली आणि दोर सैल केला. गास्पारेने तो उचलून खालून ओवला. नुन्झियाने आपला दोर काढला, गुंडाळला आणि होडीत उडी मारली. "रविवारी जेवायला ये, गाढवा," ती म्हणाली.

मला त्या दिवशी माझ्या गंजाचाही अभिमान वाटला.

मित्रांनो, कधी या बंदरात उतरलात तर मला गोंजारू नका. आधीपासून कुणाचा दोर आहे, तेवढं वाकून बघा. त्या संध्याकाळी नुन्झिया जाळी घेऊन परतली, तेव्हा जहाज अजून धक्क्यालाच होतं. आता नंतर आलेली ती होती. साहेब शिडीवरून पाहत होता. तिने वाकून आपला फास जहाजाच्या फासातून खालून ओवला आणि माझ्या गळ्यात घातला.