कपाच्या बुडावरचे सात वेढे

पहिला

भांडणाचं मूळ खलबत्ता. परदेशातला त्यांचा संसार पुड्यांवर सुखात चालला होता: पुडी फोडा, चमचा बुडवा, विषय संपला. मग बायकोला बसथांब्यामागे एक दुकान सापडलं आणि ती पिशवीभर ओला मसाला घेऊन आली. मातीसकट हळद, घोसासकट हिरवी मिरी. नवरा चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होता. नातेवाईक त्याला काचवाला म्हणत. त्याने हळदीला आलं समजून चहात किसलं आणि पिवळाधमक चहा, चूक कबूल करायला नको म्हणून, शेवटपर्यंत प्यायला.

फोनवर त्याच्या गावाकडच्या आत्याने फर्मान काढलं. ओली हळद मिक्सरला लावायची नाही, ठेचायची. लोणचं घाला, घसा बसला तर दुधात उकळा, मिरी लिंबाच्या रसात मुरवा. बायको दवाखान्यात रक्त तपासायची आणि सातला घर सोडायची. म्हणून ठेचणं सकाळी सहाला.

दुसरा

त्यांच्या ओट्याच्या बरोबर खाली मालकीणबाईंची उशी.

दोन आठवड्यांनी बाई जिना चढून आल्या. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा, म्हणाल्या. बायकोने त्यांच्यादेखत खलबत्ता माळ्यावर टाकला. त्याचा उपयोग नव्हता. बाईंचं म्हणणं असं, की आता ठोका पडला नाही तरी त्या चारलाच जाग्या होतात आणि सहापर्यंत ठोक्याची वाट बघत पडून राहतात. झोप गेली ती गेलीच.

या खोल्या मिळेपर्यंत दोघांनी आठ महिने मेहुण्याच्या सोफ्यावर काढले होते. मेहुणा प्रेमळ होता, सोफा नव्हता.

तिसरा

त्याच दुकानात काचवाल्याला जर्दाळूसारखं एक फळ दिसलं. घरी चिरलं तर आत काळी बी आणि तिच्यावर लालभडक जाळी. त्याने कॅमेरा लावून आत्याला दाखवलं. साठ वर्षं तिच्या फडताळात जायफळ एका डब्यात होतं आणि जायपत्री दुसऱ्या.

"म्हणजे ही दोघं एका पोटची?" ती म्हणाली. "आणि मला कुणी सांगितलं नाही."

धक्का ओसरल्यावर तिने मालकीणबाईंचा प्रश्न निकालात काढला. बीचं कवच फोड, जायफळ सहाणेवर उगाळ, कपभर गरम दुधात दे. मोठ्या माणसाला सात वेढे. "माझा हिशेब आजवर चुकलेला नाही."

चौथा

सहाण नव्हती. कप उलटा केला. बुडाची कड खरखरीत होती, छान उगाळलं जात होतं.

पाचवा

संध्याकाळी काचवाला कप, जायफळ आणि दूध घेऊन खाली गेला. काय आहे, कशासाठी आहे, सगळं सांगितलं. बाईंनी समोर बसवूनच उगाळायला लावलं आणि बोटांवर सात मोजले. दूध तपकिरी झालं. त्या प्यायल्या, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाल्या की झोप लागली तर खोल्यांचं बघू.

सकाळी दोघं चवड्यांवर जिना उतरून कामाला गेले. खाली सामसूम. बायकोने आनंदाने त्याला चिमटा काढला.

सहावा

दहाच्या सुमाराला मुकादमीणबाई त्याच्या यंत्राशी आल्या आणि त्याने घासलेली काच उजेडाला धरली. काच पापडासारखी झाली होती.

"कुठली चकती लावलीस?"

खरखरीत लावली होती. बारीक चकतीवर सात फेऱ्यांत जेवढं झिजायचं, तेवढं हिच्यावर एका फेरीत झिजतं. हे त्याला गेली नऊ वर्षं माहीत होतं. तरी कालच्या कपाचं बूड डोळ्यांसमोर यायला मुकादमीणबाईंची शिवी लागली.

त्याने बाहेर येऊन फोन लावला. "आत्या, तुझी सहाण कशी आहे गं?"

"कशी म्हणजे? सासूच्या सासूची. झिजून आरसा झालाय. का रे?"

त्याने का ते सांगितलं नाही. बायकोला फोन केला, तिने किती वेढे एवढंच विचारलं, इतकं जायफळ विषासारखं बाधतं म्हणाली, आणि तो कामाच्या अंगरख्यासकट पळत सुटला.

सातवा

पडदे ओढलेले. बेल तीनदा, मग दारावर थापा. बायकोही धापा टाकत पोचली. ती नाडी बघायच्या तयारीने घड्याळ काढून उभी होती, आणि खोल्या गेल्या तर गेल्या, बाई तेवढ्या उठू देत, असं पुटपुटत होती. खिडकी फोडावी का, यावर कुजबुज चालू असताना दार उघडलं.

मालकीणबाईंच्या गालावर उशीचा अभ्रा नक्षीसकट उमटला होता.

"आज वार कुठला?" त्यांनी विचारलं.

त्याने वार सांगितला, मग सगळा गुन्हाही सांगितला: आत्याची सहाण, कपाचं बूड, चकती. एका वेढ्याचं काम होतं, सात झाले. बाईंना काही झालं असतं तर त्याने स्वतःला माफ केलं नसतं. बाईंनी ऐकून घेतलं. लग्न झाल्यापासून असं झोपले नव्हते, म्हणाल्या. खोल्या तुमच्याच. फक्त रोज संध्याकाळी कप घेऊन यायचं.

"एकच वेढा देईन," तो म्हणाला.

"काल सात होते. आज एक? खोल्या मिळाल्या म्हणून हात आखडता?"

तो समजावून दमला, बायको दमली. सात म्हणजे सात.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काचवाल्याने कप कारखान्यात नेला आणि बुडाची कड सगळ्यांत बारीक चकतीवर धरली. मुकादमीणबाईंनी कपाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि न विचारता पुढे गेल्या. कडेत तोंड दिसायला लागल्यावरच त्याने यंत्र थांबवलं.

संध्याकाळी बाई बोटं काढून बसल्या. जायफळ गुळगुळीत फिरत होतं, दूध पांढरंच राहिलं. सहाव्या वेढ्याला त्यांनी त्याचं मनगट धरलं. हा पुरता गोल झाला नाही, म्हणाल्या, आणि पुन्हा घालायला लावला.