बेबीनंदाचा काळा

"एकदा फक्त, बाई. गाडीत नेतो, गाडीत आणून सोडतो." भागवतशेठ प्लास्टिकच्या खुर्चीवर पुढे सरकून म्हणाले. "तुम्ही हातसुद्धा लावू नका. नुसतं बसून सांगा. अक्षता करंल."

बेबीनंदा पलंगावर तीन उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून गेले कित्येक महिने ती बसूनच झोपत होती. नाकाला नळी होती आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. शेठ काय म्हणाले ते तिने ऐकलं. उत्तर द्यायला मात्र तिला दम गोळा करावा लागला.

"पोरीचं... नाव... काढू नका."

"अगं, मला चालतंय की आई," चहाचे कप घेऊन आलेली अक्षता दारातूनच म्हणाली. "शेठ म्हणून राह्यले तर..."

बेबीनंदाने मान भिंतीकडे वळवली. सर्जेराव उंबऱ्यावर बसला होता. तो ना बायकोकडे बघत होता, ना शेठकडे. शेठनी चहा घेतला, "बघा विचार करून," असं त्यालाच म्हणाले आणि निघून गेले.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला, सळयांच्या कारखान्यांच्या रांगेत भागवतशेठचं पत्र्याचं शेड होतं. आधी तिथे स्प्रिंगा बनत. रोलिंग मिलमध्ये लाल सळईने पायाला चटका बसला, तेव्हा सर्जेराव मिल सोडून शेठकडे आला. मूळचा तो हसनाबादचा. हात बारीक कामाला चांगला होता. एके दिवशी शेठनी त्याच्यापुढे रुमालाची घडी उलगडली. आत एक काळा गळ होता.

"इंग्लंडातला हाये. शंभर-सव्वाशे वर्षांचा," शेठ म्हणाले. "असा बनवता येईल का?"

सर्जेरावने गावाकडे गिरजा नदीच्या डोहात गळ टाकलेले होते. पण असा गळ त्याने कधी बघितला नव्हता. त्याला नेढंच नव्हतं. दोरी ओवायची जागा नाही. दांडी शेवटाकडे निमुळती होत गेलेली. शेठनी माहिती काढून आणली होती. सालमन नावाचा मोठा मासा समुद्रातून थंड नद्यांत वर चढतो, तो धरायला तिकडचे साहेबलोक गळावर रंगीत पिसं बांधून खोटी माशी करत. आपल्याकडच्या रानकोंबड्याची पिसंसुद्धा बोटीने तिकडे जात. त्या काळी गळाला नेढं नसे. रेशमाच्या किड्यापासून काढलेल्या चिवट तंतूचा फासा निमुळत्या दांडीवर दोऱ्याने आवळत, आणि त्यात दोरी अडकवत. तंतू पाण्यात कुजायचा आणि फासा तुटला की मोठा मासा गळासकट जायचा. मग नेढ्याचे गळ आले, नेढं वरच्या बाजूला झुकलेलं, आणि जुने मागे पडले. वळणांनाही गावांची नावं होती. लिमरिक म्हणून आयर्लंडातलं एक गाव, त्याच्या नावाचं वळण शेठना हवं होतं. एकदम न वळता लांबवर कलत जाऊन टोकाशी आत येणारं.

"आता ह्या गळानं कुणी मासे धरत न्हाई," शेठ म्हणाले. "हौशी लोक त्याच्यावर जुन्या पद्धतीची माशी बांधतेत आन काचेत लावून ठेवतेत."

सर्जेरावला ते वळण साधायला बरेच दिवस लागले. तार तापवायची, कानशीने दांडी निमुळती करायची, छिन्नीने उलटा काटा उचलायचा, मग वळवायचं, पुन्हा तापवून तेलात बुडवायचं. पण शेठनी परदेशी पाठवलेला पहिला नमुना परत आला. वळण बराबर होतं, काळा रंग बराबर नव्हता.

तो काळा बेबीनंदाने बसवला. ती आधी शेडमध्ये झाडलोट करायची. डांबर, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन किती घ्यायचं, किती आटवायचं, गळ कसा बुडवून कसा निथळायचा, भट्टीत किती भाजायचा, हे तिने चुकत चुकत शोधलं. तिचा काळा आरशासारखा नसायचा. खोल असायचा, ओल्या काळ्या मातीसारखा. इंग्लंडातून निरोप आला की आता शोभतोय. तेव्हापासून मागच्या खोलीची मालकीण ती झाली.

अडचण एकच होती, धूळ. सळयांचे ट्रक दिवसभर रस्त्यावरून जायचे, आणि ओल्या रंगावर एक कण बसला तरी गळ वाया. म्हणून खोलीला खिडकी नव्हती. सर्जेरावने एकदा भिंतीला भोक पाडून पंखा बसवला होता. पंख्यातून धूळ आली आणि सगळा माल खराब झाला. शेठ रागावले नाहीत. "पंखा थोडे दिवस बंद ठेवू," एवढंच म्हणाले. भोक बुजवलं ते बेबीनंदानेच, आणि दाराच्या फटीतसुद्धा तीच जुन्या लुगड्याची चिंधी कोंबायची. तिला आपल्या कामाचा अभिमान होता. रात्री केस सोडले की केसांतून डांबराचा वास यायचा.

"कामून लावतेत हा काळा?" तिने एकदा नवऱ्याला विचारलं होतं.

"गंज लागू नये म्हणून."

"काचेत ठेवायचा म्हणतेत ना? पाण्यात जायचाच न्हाई तर गंज कसा लागंल?"

दोघं हसले होते. तिचा खोकला तेव्हा नुकता सुरू झाला होता.

डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, फुप्फुसं निबर झाली आहेत, आता ती मऊ होणार नाहीत. कामाचं विचारलं आणि ऐकून घेऊन म्हणाले, "ते आधी बंद करा." कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली अक्षता घरी राहिली. आईची वेणी घालणं, तिला टेकवून जेवू घालणं, लाइट गेली की सिलिंडर लावणं तिच्याकडे आलं. रंग लावलेला शिल्लक माल पुरला तोवर शेडचं काम चाललं. तो संपला, आणि भागवतशेठ घरी आले.

त्यांच्या भेटीनंतर अक्षताने आईची पाठ सोडली नाही.

"किती आटवायचं एवढं तरी सांग. मी तोंडाला कपडा बांधीन."

बेबीनंदा डोळे मिटून घ्यायची.

"मला दुसरं येतंय काय, आई? कॉलेज गेलं. हे काम तरी घराजवळचं हाये. तू बावीस वर्षं केलंस आन मला न्हाई म्हणून राह्यलीस."

"म्हणूनच," बेबीनंदा म्हणाली.

शेवटी अक्षताने स्वतःच करून बघायचं ठरवलं. शेडमधून तिने उरलेलं डांबर आणि टर्पेंटाइन मागून आणलं. दुपारी आईला डुलकी लागलेली बघून तिने अंगणात विटांची चूल मांडली, जुन्या पातेल्यात तेल तापत ठेवलं, बापाचे चार कोरे गळ तारेला टांगले. हळूहळू वास उठला आणि दारातून आत गेला.

सर्जेराव तेव्हाच कामावरून येत होता. जे घडलं ते त्याने फाटकातून बघितलं. धरल्याशिवाय मोरीपर्यंतसुद्धा न जाणारी बेबीनंदा दारात उभी होती. नाकातली नळी तिने ओढून काढली होती. एका हाताने भिंत धरत ती पायरी उतरली. ओठ निळे पडले होते. ती चुलीपाशी आली आणि तिने पातेलं लाथाडलं. काळं तेल फरशीवर पसरलं.

"आई! भाजलं असतं ना!" अक्षता ओरडली.

बेबीनंदा खाली बसली. बोलायला श्वास नव्हता. तिने पोरीचं मनगट धरलं आणि दुसरा हात स्वतःच्या छातीवर दोनदा आपटला. मग मनगट गच्च आवळून ती मान हलवत राहिली, न्हाई, न्हाई. सर्जेरावने धावत जाऊन तिला उचललं. अंगात काही उरलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात ती इतकी हलकी त्याला कधी लागली नव्हती.

अक्षता फरशीवर बसून रडत होती. रागाने रडत होती.

त्याच आठवड्यात बेबीनंदा गेली. पहाटे लेकीने चहा विचारला तेव्हा मान हलवून हो म्हणाली, आणि चहा होईपर्यंत संपली.

हसनाबादहून भावकी आली. बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदनाचं जेवण झालं. माणसं पांगल्यावर भागवतशेठ मंडपातल्या खुर्चीवर सर्जेरावजवळ बसले. त्यांचे डोळे खरोखर ओले होते.

"बाईसारखं माणूस मिळणार न्हाई," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "सर्जेराव, तुम्ही तर सगळं डोळ्यानं बघितलंय. प्रमाण तुम्हाला ठाऊक असंल. अक्षता तयार हाये. आपण ह्या बारीला चांगला पंखा लावू."

अक्षता भांडी गोळा करता करता थांबली.

सर्जेरावला प्रमाण ठाऊक होतं. बायको वाटीने माप घ्यायची ते त्याने शेकडो वेळा बघितलं होतं. आटत आलेल्या थेंबाची तार कशी सुटते, भट्टीचा वास कधी बदलतो, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

"मला न्हाई माहीत," तो म्हणाला.

"थोडंफार तरी?"

"बिलकुल न्हाई, शेठ. ते तिच्याच हातात होतं."

अक्षता बापाकडे बघत राहिली. तो खोटं बोलतोय हे तिला समजलं होतं. हातातलं पातेलं तिने आपटलं आणि ती आत गेली. त्या दिवसापासून ती त्याला वाढायची, त्याचे कपडे धुवायची, पण बोलायची नाही. एकदाच बोलली. "तुम्ही दोघांनी ठरवून मला बसवलं घरी," म्हणाली. सर्जेरावने हातातला घास तसाच धरून ठेवला.

शेठनी दुसरीकडून रंग लावून घेतला. तो माल परत आला. मग कोऱ्या गळांचं कामही थांबलं, आणि दिवाळीआधी शेठनी शेड गोदामासाठी भाड्याने दिलं. सर्जेरावला एका कापसाच्या जिनिंगवर राखणीचं काम मिळालं.

सामान हलवायच्या दिवशी शेठनी त्याला बोलावलं. भट्टी, कामाचे बाक, पत्रे, रिकामे डबे भंगारच्या टेम्पोत चढत होते. ते पुढच्या चौकातल्या स्टीलच्या कारखान्यात जायचं आणि वितळून त्याच्या सळया व्हायच्या. अक्षता बापाचा डबा घेऊन आली, आणि डबा देऊन परत न जाता मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. दार उघडंच होतं. ती आत गेली नाही.

"काका, हे बी घ्यायचं का?" भंगारवाल्याने फळीवरचा पत्र्याचा डबा हलवून विचारलं. आत रंग न लावलेले गळ होते, सर्जेरावने केलेले शेवटचे. त्यांच्यावर तांबूस गंज धरला होता.

"घ्या," सर्जेराव म्हणाला.

भंगारवाल्याने डबा वजनकाट्यावर उपडा केला. गळांचा एक गुंताच बाहेर पडला, एकात एक अडकलेला. काट्याचा आकडा हलला नाही.

"ह्याला काय वजन येत न्हाई," तो म्हणाला. "टाकू का तसंच?"

"थांबा जरा."

सर्जेरावने तो गुंता उचलला आणि शेडच्या पायरीवर बसला. एक गळ धरून, त्याचा उलटा काटा दुसऱ्याच्या वळणातून अलगद मागे सारून त्याने तो मोकळा केला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा घेतला. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. शेठनी हाताने त्याला थांबायची खूण केली.

"भट्टीतच जायचे ना ते?" अक्षता म्हणाली.

"हो."

"मंग सोडवून काय करून राह्यलात?"

सर्जेरावची बोटं चालूच होती. अक्षता थोडा वेळ उभी राहिली. मग ओढणी सावरून शेजारी बसली आणि तिने गुंत्याचं दुसरं टोक आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

"हळू," तो म्हणाला. "ओढू नको. मागं सार."