माझ्या अंड्यातलं शिसं

मित्रांनो, मी एक जुनीजाणती कोंबडी आहे. आता अंडी घालत नाही. उन्हात डोळे मिटून बसते, आणि तो भाजीचा मळा डोळ्यांपुढे तरंगत येतो.

मळ्याला लागूनच माझ्या मालकांचं, आजोबांचं, बॅटरी-दुरुस्तीचं दुकान होतं. जुन्या बॅटऱ्या फोडून ते आतल्या शिशाच्या पट्ट्या धूत आणि ते पाणी मळ्याच्या पाटात सोडून देत. "माती सगळं पोटात घालते," असं म्हणत.

त्याच मातीत गांडुळं वाढली. काय गुबगुबीत, काय चविष्ट! ओल्या वाफ्यात मी स्वप्नात असल्यासारखी उकरत राहायचे.

आजोबांची नात माझी फार लाडकी. अंडं घातलं की मी घर डोक्यावर घ्यायचे आणि ती धावत यायची. "आजोबा, बघा ना, किती गरम आहे!" म्हणत अंडं गालाला लावायची. माझा तुरा ताठ व्हायचा.

मग ती फिकी पडू लागली. पोट दुखायचं, येणारे पाढे विसरायची.

"पोरीच्या अंगात रक्त नाही. अंडी वाढव तिची," आजोबांनी सुनेला फर्मान सोडलं. पोर सुकत गेली तशी अंडी वाढत गेली. मीही जिवाचं रान केलं, मित्रांनो. मला तिला बरं करायचं होतं.

शेवटी सुनेने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्तात शिसं निघालं. मग त्यांनी मळ्यातली माती तपासायला लावली, माझं अंडंही.

"आजोबा, शिसं मातीत जिरून जात नाही हो," त्या म्हणाल्या. "ते गांडुळात जातं, मग कोंबडीत, तिथून अंड्यात."

"म्हणजे मीच तिला..." आजोबा म्हणाले.

दुकान बंद झालं, मळ्याला कुंपण पडलं. औषधांनी नात हळूहळू सावरू लागली. मला मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं. मी आपली अंडी घालतच होते.

एका सकाळी आजोबांनी माझं ताजं अंडं उचललं. कुंपणापाशी जाऊन ते पुरायला कुदळ उगारली, आणि हात तसाच थांबला.

मित्रांनो, मातीत काही टाकताना तुमचाही हात असाच थांबू दे. अंडं हातात घेऊन आजोबा कितीतरी वेळ उभे होते. ते कुठे ठेवावं, हेच त्यांना कळत नव्हतं.