पुढची गाडी

हायवेवर चढणाऱ्या रस्त्यावरचा सिग्नल एका हिरव्याला एकच गाडी सोडतो. रोज चार मिनिटं फुकट जातात म्हणून आमच्या मिनेसोटात सगळ्यात मोठी बोंब मीच मारली. तक्रारअर्जावर शेजारच्या ऑर्विलचीही सही घेतली. सिग्नल बंद झाले. दुसऱ्याच आठवड्यात ऑर्विल तिथून सुसाट चढला तो थेट ट्रकखाली. सिग्नल परत लागले.

पांढऱ्या रेषेवर गाडी आली की रस्त्याखालची तार ती ओळखते, मगच हिरवा लागतो. आज मी रेषेमागे एका गाडीची जागा सोडून थांबलो. पुढे कोणीच नव्हतं. तरी हिरवा लागला.

"अरे, हाण ना! झोपलास का?" शेजारी बसलेली बायको खेकसली.

"गप्प बस. हा ऑर्विलचा. माझा पुढचा."