जावयाचं यंत्र

आरेखक निवृत्त झाला तेव्हा कचेरीने मोडीत काढलेला आपला कंप्युटर तो घरी घेऊन आला. नऊ वर्षं त्यावर त्याने पुलांचे आणि रस्त्यांचे नकाशे काढले होते, त्यामुळे आत एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड होतं. नेमकं तेच जावयाच्या नजरेत भरलं.

"बाबा, हे नुसतंच धूळ खात पडलंय. यावर मायनिंग लावू या," जावई म्हणाला, आणि बसल्या बैठकीला त्याने ते लावलंही. नाव खाणकामाचं, पण कुदळ ना फावडं. यंत्र दिवसभर आकडे कुटत बसणार आणि त्या बदल्यात डिजिटल नाण्याचा कणभर तुकडा जावयाच्या खात्यात पडणार. "तुम्ही फक्त बंद पडू देऊ नका," एवढं सांगून तो आपल्या गावी गेला.

पण बंद पडणं हाच त्या यंत्राचा स्वभाव होता. आधी अँटिव्हायरसने मायनिंगचा प्रोग्रॅम चोर समजून कोंडून ठेवला. आरेखकाने त्याला सोडवलं. मग अपडेटच्या नावाखाली कंप्युटर मनाला येईल तेव्हा रीस्टार्ट व्हायला लागला. ते थांबवलं, तर कार्ड तापायला लागलं. त्याने डब्याची बाजू उघडली, ब्रशने पंख्याच्या पात्यांमधली धूळ काढली आणि समोर टेबलफॅन लावला. झोपायच्या खोलीत आता चोवीस तास घरघर. खिडकी उघडावी तर धूळ, बंद ठेवावी तर भट्टी. न्हाव्याच्या खुर्चीत बसला तरी आरेखकाचं चित्त काम चालू असल्याचं दाखवणाऱ्या, पडद्यावरच्या हिरव्या ओळींपाशी. तीन महिन्यांत तो चौकाच्या पलीकडे गेला नव्हता.

"जमत नाही म्हणून सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"जावयाला कसं सांगू?"

"तेच तर. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य!"

एका मंगळवारी सकाळी प्रोग्रॅम सुरू केल्या केल्या मिनिटभरात बंद पडू लागला. हिरव्या ओळींच्या शेवटी एकच लाल ओळ : मेमरी अपुरी. आरेखकाने ड्रायव्हर काढून नवा घातला, मग जुना घातला. कार्ड उपसून पुन्हा बसवलं. चार दिवस तो त्या स्टुलावरून हलला नाही. शेवटी इंटरनेटवर एका अनोळखी माणसाने लिहिलेलं त्याला सापडलं. बिघाड काहीच नव्हता. हे नाणं काढायला एक फाइल कार्डाच्या मेमरीत मावावी लागते, आणि ती फाइल दर काही दिवसांनी थोडी थोडी वाढत जाते. आता ती चार जीबीच्या पुढे गेली होती. कार्ड चार जीबीचं.

त्याने ते दोनदा वाचलं. म्हणजे दोष कुणाचाच नाही आणि उपायही नाही. गुदमरलेल्या माणसाला वारा लागावा तसं त्याला वाटलं. त्याने लगेच फोन लावला. लेकीने उचलला.

"चिऊ, जावईबापूंना दे. यंत्र संपलं आपलं."

"थांबा बाबा, गॅलरीत येते." दार लोटल्याचा आवाज आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांना सांगू नका. त्यांनी नोकरी सोडलीय."

"कधी?"

"दोन महिने झाले. जुनी यंत्रं विकत घेऊन आणखी पाच जणांकडे लावली होती. काकांनी, मित्रांनी, सगळ्यांनी ती परत आणून दिली. दिवसभर मोबाइलवर बघत बसतात. तुमचंच तेवढं चालू होतं. चार दिवस धड जेवले नाहीत. बाबा, काहीतरी करा ना!"

आरेखकाने फोन ठेवला. काही न करणं एवढंच बाकी होतं, आणि तेही हातून गेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तो पुन्हा स्टुलावर बसला. लहान फाइलवर चालणारी दुसरी नाणी असतात, हे त्याने त्याच पानावर खाली वाचलं होतं आणि वाचून न वाचल्यासारखं केलं होतं. आता त्याने ते नीट वाचलं. दुसरा प्रोग्रॅम उतरवला, सेटिंगच्या फाइलमध्ये नव्या नाण्याचा पत्ता घातला, खातं जावयाचंच ठेवलं. एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला होता, त्यात अख्खी दुपार गेली. संध्याकाळी पाच वाजता हिरव्या ओळी सुरू झाल्या. तासभर तो बघत राहिला. एकदाही अडखळल्या नाहीत. चुकून तरी बंद पडेल, असं त्याला वाटत होतं.

सहाला जावयाचाच फोन आला.

"बाबा! तुम्ही नाणं बदललंत?"

"हो. आधीचं आता या कार्डात मावत नाही."

"मला सुचलंच नाही हो." मग तो ओल्या आवाजात म्हणाला, "सगळे म्हणतात, याचं डोकं फिरलंय. तुम्ही एकटेच पाठीशी उभे राहिलात."

आरेखकाने तोंड उघडलं. 'जावईबापू, मी थकलोय' हे शब्द जिभेवर आले होते, पण जावईच पुढे बोलला.

"बाकीची पाच माझ्याकडे पडून आहेत. सगळी जुनी, चार जीबीवालीच. इथे कुणाला चालवता येत नाहीत. तुमच्याकडे पाठवू का?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"पाठवा पाचही यंत्रं," आरेखक म्हणाला.

बायको पदराला हात पुसत दारात आली. तिने खोलीकडे एकदा नजर फिरवली, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

"पलंग बाहेर काढावा लागेल," ती म्हणाली. "या, त्या बाजूने धरा."