एकच रिंग

मी गोल डायलचा काळा टेलिफोन बोलतोय. ऐकायचं तर नीट ऐका, दोनदा सांगायची मला सवय नाही. शिक्षण माझं शून्यापासून नऊपर्यंत. दहा आकडे झाले की शाळा सुटली. पण अंगात वजन आहे. हल्लीचे फोन खिशातून पडले की फुटतात. मी पडलो तर खालच्याचा पाय फुटतो.

जन्म कारखान्यातला. शेकडो भावंडं, सगळी सारखीच काळी, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते एका शिंप्याच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर. शिंप्याची थोरली बहीण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. खटपट करून तिने भावाला लाईन मिळवून दिली आणि मला फडक्यात बांधून स्वतः घेऊन आली.

"गुंड्या, आता गिऱ्हाइकं फोन करतील बघ," म्हणाली.

केले ना. आणि गुंड्या माझ्या तोंडात रोज तीच थाप मारायचा, "झालाय हो ब्लाऊज, फक्त हुकं लावायची राहिलीत!" कापड तेव्हा टेबलाखाली घडीसुद्धा न मोडता पडलेलं असायचं. चाळीस वर्षं ऐकलं. मी काही चुगली केली नाही.

बहीण-भावाचा एक रिवाज होता. ऑपरेटरला घरचा फोन स्वस्तात पडायचा. म्हणून भावाने एकच रिंग द्यायची आणि ठेवायचं. मग तिकडून ताई फोन करणार आणि दोघं तासभर भांडणार. ती निवृत्त झाली, पुढे फोन सगळ्यांनाच स्वस्त झाले, तरी हा एकच रिंग देणार आणि फोन तीच करणार. सवय चपलेसारखी असते. झिजली की पायाला जास्त बसते.

मग शिंप्याची बायको गेली. दुकानाला कुलूप लागलं. परदेशात राहणाऱ्या मुलीने हट्ट धरला, "बाबा, एकटे राहायचं नाही. इकडे या." म्हातारा निघाला. बॅगेत चार सदरे, मोठी कात्री आणि मी.

न्यायला आलेल्या जावयाने बॅग उचलली आणि कमरेला हात लावला. "बाबा, दगड भरलेत का?"

"फोन आहे."

"अहो, फोन इथे मिळतात की!"

"मिळत असतील. हा ताईने दिलाय."

इथलं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मला लावायला भिंतीत जागाच नाही. कपाटावर इस्त्रीच्या शेजारी ठेवून दिलं. इस्त्री निदान आठवड्यातून एकदा तापायची. मी आपला थंड.

म्हाताऱ्याने बाकीची बॅग उपसलीच नाही. पलंगाच्या पायथ्याशी ती तशीच उभी. रोज मुलीचा मोबाईल मागून घ्यायचा, कोपऱ्यात जायचा आणि थोड्या वेळाने तोंड पाडून परत यायचा. "ताई रुसलीय," एवढंच. असे दोन महिने गेले. मग एक दिवस जेवताना त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"माझं तिकीट काढ. इथे आल्यापासून बहीण बोलत नाही माझ्याशी. मी जातो परत."

मुलीचे डोळे भरले. आईच्या वेळी ती वेळेवर पोचली नव्हती. बाप तरी डोळ्यांसमोर राहावा, एवढंच तिला हवं होतं.

"पण तुम्ही आत्याला म्हणता तरी काय?"

"म्हणतो कुठे? एक रिंग देतो नि ठेवतो. ती करतच नाही."

जावयाचा चमचा हवेत राहिला.

"रोज? एकच रिंग?"

"मग? चाळीस वर्षं तसंच चाललंय. फोन ती करते."

"अहो बाबा!" मुलगी रडता रडता हसायला लागली. "इथे फोन करायचा म्हणजे तिचं अर्धं पेन्शन जाईल! आणि तिला दिसतो परदेशातला नंबर. ती कशाला हात लावतेय? फसवणारे असतात म्हणून सगळे म्हाताऱ्यांना बजावून ठेवतात. मी केला दोनदा, तर माझाही कापला तिने!"

म्हातारा आमटीकडे बघत बसला. कपाटावर मला हसू आलं. माझी घंटी जरा खरखरली. इस्त्रीला वाटलं, मी आजारी पडलो.

मग शोधाशोध सुरू झाली. जावई बस चालवतो. डेपोत जितके ड्रायव्हर तितके सल्ले. एकाने स्वस्तात परदेशी बोलायचं कार्ड दिलं. चंदेरी पट्टी खरवडा, बारा आकडे दाबा, मग एक बाई बोलत सुटते. म्हातारा तिला "हो बाई, बरं बाई" करत राहिला, तोवर ती निघून गेली. दुसऱ्याने मोबाईलवरून इंटरनेटचा फुकट फोन सुचवला. पण ताईकडे बटणांचा मोबाईल, त्यात इंटरनेट कुठलं? तिसऱ्याने एका कंपनीची योजना सांगितली, दोन वर्षं बांधून घेणारी. म्हातारा म्हणाला, "त्यापेक्षा ताईलाच आणू. दोन वर्षं भांडू निवांत."

शेवटी डेपोतल्या एका ड्रायव्हर बाईने इलाज सांगितला. एक छोटी डबी मिळते. घरच्या इंटरनेटला जोडायची. नंबर घ्यायचा तो ताईच्या गावातला. तिने लावला तर गावातल्या गावात, वाजणार मात्र इथे. आणि डबीच्या मागे साधा टेलिफोन लावायची सोय.

साधा टेलिफोन! सगळ्यांनी कपाटाकडे पाहिलं. मी इस्त्रीकडे पाहिलं.

जावयाने म्हाताऱ्याच्या कात्रीने माझी वायर सोलली, नवा प्लग बसवला. मुलीने रिसीव्हर कानाला लावला. "बाबा, गुर्र येतंय!" इतक्या दिवसांनी माझ्या घशातून आवाज निघाला.

म्हाताऱ्याने ऐटीत डायल फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. काही नाही. त्या डबीला बटणांचीच भाषा कळते. माझे दहाच्या दहा आकडे तिला परके. बोलता येतं, ऐकू येतं, पण आपण होऊन कुणाला गाठता येत नाही. म्हातारपण म्हणजे आणखी काय असतं?

"थांबा," जावई म्हणाला, "हाच नंबर माझ्या मोबाईलवरूनही चालतो. मी लावतो."

"अनोळखी नंबर आत्या उचलणार नाही," मुलगी म्हणाली.

"उचलायचाच नाहीये तिने," म्हातारा म्हणाला. "एक रिंग दे आणि ठेव."

"तिला कसं कळणार कोण ते?"

"दे म्हणतो ना!"

दिली. ठेवली. तिघं माझ्याभोवती बसले. म्हातारा कात्री उघडतोय, मिटतोय. चहा निवला.

आणि मी वाजलो! असा वाजलो की वरच्या मजल्यावरच्याने पाय आपटले. आपट म्हटलं!

"गुंड्या, मेल्या! कुठे तडफडला होतास दोन महिने?"

"ताई... तू ओळखलंस कसं?"

"परदेशातल्या रिंगला मी चोर समजत होते. पण गावातल्या नंबरवरून एका रिंगमध्ये फोन ठेवणारा चिक्कू माझ्या ओळखीत दुसरा आहे कोण?"

मग तासभर भांडण. कशावरून ते मी सांगणार नाही. शेवटी म्हाताऱ्याने रिसीव्हर ठेवला, बाहीने डोळे पुसले आणि जावयाला म्हणाला, "ती बॅग रिकामी करून कपाटावर टाक. फोनची जागा मोकळी झालीच आहे."

आता मी पुढच्या खोलीत स्टुलावर असतो. म्हातारा माझ्यासाठी झाकण शिवतोय. गेला महिनाभर फक्त हुकं लावायची राहिलीत.

मला नंबर लावता येत नाही, म्हणून रिवाज उलटा झालाय. रोज रात्री अकराला, म्हणजे तिकडच्या सकाळी, ताई एक रिंग देते. दुसरी वाजली तर बोलायचं असतं. एकच वाजली तर ती उठली, चहा झाला, सगळं ठीक. पहिल्या दिवशी मुलगी धावत आली, "उचला ना बाबा, आता खर्च नाही!" म्हातारा डोळे मिटून बसला होता. "उचलायचा नसतो," म्हणाला. "ऐकायचा असतो."

तुमच्याकडे कुणी एकच रिंग देऊन ठेवत असेल, तर लगेच शिव्या घालू नका. आधी आठवून बघा कोण ते.

चला, पुरे झालं. अकराला दोन मिनिटं कमी आहेत. लाईन मोकळी ठेवा.