पंधरा माणसांचं मीठ

"मोठं पातेलं कुठंय गं?" चपला काढायच्या आधीच छबूआक्कांनी विचारलं.

आक्का म्हणजे माझ्या नणंदबाई, अमृतची थोरली बहीण. दर भाऊबीजेला त्या बेलापूरहून आमच्या सावेडीच्या घरी येतात आणि पदर खोचून येसर आमटीच्या मागे लागतात. भाजलेल्या धान्याचं ते मसालेदार पीठ, म्हणजे येसर, घरून डब्यात घालून आणतात. सासूबाई गेल्यापासून चौदा वर्षं हेच चाललंय.

"आक्का, यंदा काहीच करायचं नाही," मी लाडात म्हणाले. "जेवण बाहेरून सांगितलंय. तुम्ही नुसतं बसायचं. जरा माहेरपण करून घ्या!"

"आन् आमटी?"

"तीपण येणार आहे."

"बरं," म्हणून त्या डब्याची पिशवी मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला टेकल्या.

मी खोटं बोलले होते. माहेरपणाचा कळवळा वगैरे मला काही आला नव्हता. गेल्या भाऊबीजेला आक्कांनी आमटीत मीठ दोनदा टाकलं. जाऊबाईंनी सरळ दहीभात कालवला, पोरं फिदीफिदी हसली, आक्काही "वय झालं बाई" म्हणत हसल्या. मीही हसले, आणि यांना आता गॅसजवळ जाऊ द्यायचं नाही, हे तेव्हाच ठरवून टाकलं. घरच्या ग्रुपवर मात्र साळसूदपणे लिहिलं, 'यंदा सगळं मोकळंढाकळं, कुणीच राबायचं नाही.' सगळ्यांनी अंगठे पाठवले. आक्कांकडे साधा मोबाईल, त्यांना कुठलं कळायला.

अकरापर्यंत घर भरलं. दिरांनी पत्त्यांचा डाव मांडला, जाऊबाईंनी गादीवर अंग टाकलं. सुट्टी असावी तर अशी, असं जो तो म्हणत होता. आक्का तेवढ्या अवघडून बसलेल्या. दोनदा स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या.

"लसूण तरी सोलू का?"

"कशाला आक्का? बसा ना निवांत."

त्या परत जाऊन बसल्या, एखाद्या परक्या पाहुणीसारख्या.

मी ताटं काढत होते, तेवढ्यात त्यांची सून ज्ञानेश्वरी आत आली. हळूच म्हणाली, "मामी, बाहेरून सांगितलंय हे आधी कळवायचं तरी. आईंनी महिनाभर घोर घेतला हुता."

"कशाचा?"

"मिठाचा. मागल्या टायमाला लई मनाला लागलं त्यांच्या. आता मीठ आधीच मापून पुडीत बांधत्यात. पुडी रिकामी दिसली म्हंजी मीठ पडलं, परत हात लावायचा न्हाई. दिवाळीच्या आधी रोज आमटी करून बघितली. पोरं म्हनली, आजी, आता बास कर. पन एकदाबी चुकल्या न्हाईत बघा."

बाहेरचं जेवण यायला अजून तासभर होता. 'आक्का, या, पातेलं काढते,' एवढंच म्हणायचं होतं मला. पण मग सगळा घाट कशासाठी घातला ते उघड झालं असतं, सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं असतं. तेवढ्यासाठी मी पातेलं काढलं नाही. ताटं पुसत राहिले.

बाहेरची आमटी पिशव्यांमधून आली. "आक्काच्या आमटीची सर नाही," अमृत म्हणाला.

"चांगली हाय की," म्हणत आक्कांनी वाटी संपवली.

ओवाळून झालं. चारच्या गाडीला निघताना त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "ठिव. सवडीनं कर. मिठाची पुडी आतच हाय. पंधरा मानसांच्या मापानं बांधलीय, तेवढीच कर, म्हंजी चुकायचं न्हाई."

मी पाया पडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, तो मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सगळे पांगले. मी डबा उघडला. येसरावर वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी होती, तिला पांढऱ्या दोऱ्याचे तीन वेढे. चिमूटभर मीठ घेऊन दोघांपुरती आमटी करता आली असती, पण माझा हात धजावला नाही. मी मोठं पातेलं काढलं, सगळं येसर कालवलं, सगळी पुडी रिकामी केली.

"एवढी कोण खाणार?" अमृतनं विचारलं. मी पळीनं आमटी ढवळली. चव घेतली आणि ओट्याला टेकून रडले.

मग फोन लावला.

"आक्का, आमटी केली."

"मीठ?" त्यांनी घाईघाईनं विचारलं.

"अगदी बरोबर झालंय."

मग त्या म्हणाल्या, "समदी पुडी टाकली व्हय?"

"सगळी."

"मंग लई झाली आसंल. कोन कोन हाय जेवायला?"

समोर पातेलं काठोकाठ भरलेलं होतं.

"आम्ही दोघंच आहोत, आक्का."